ऊब धरलेली खुर्ची

समजा, तुम्ही गाढ झोपेत आहात. बाहेर अशी थंडी की खिडकीच्या काचेवर आतून दव साचलंय. दुलईखाली मोठ्या मुश्किलीने थोडी ऊब जमलीय, आणि नेमकी त्याच वेळी शेजारच्या पाळण्यातून चुळबुळ ऐकू येते. आता उठायला हवं. पाय खाली टाकावा तर फरशी बर्फासारखी. बाळाला उचलायचं, खुर्चीत बसायचं, आणि जिथे सगळ्यात जास्त पांघरूण हवं तिथलंच पांघरूण काढायचं. दोन्ही हात बाळाखाली अडकलेले. खांद्यावरची शाल घसरली तर वर ओढायला तिसरा हात कुठून आणणार? पावलं गार, नाकाचा शेंडा गार, आणि बाळाला मात्र कसली म्हणून घाई नाही.

आता असंही समजा, की तुम्ही त्या खुर्चीत बसलात आणि ती गरम लागली. उन्हात ठेवलेली वस्तू लागते तशी नाही. कुणीतरी नुकतंच उठून गेल्यावर बाक लागतो, तशी.

ज्या बाईची ही गोष्ट, तिला पहिल्यांदा ती ऊब जाणवली तेव्हा तिने फार विचार केला नाही. झोप डोळ्यांत होती, बाळ भुकेलं होतं, आणि फुकट मिळालेली ऊब कोण नाकारतो? ती आणखी थोडी मागे सरकून बसली, एवढंच.

दिवसा मात्र ती विचार न करणाऱ्यांतली नव्हती. ती शीतयंत्रांची मेकॅनिक होती. दुकानांतले फ्रिज, खाटकाकडची पेटी, औषधवाल्यांच्या कोल्ड रूम, काहीही बंद पडलं की लोक म्हणत, "फ्रिजताईला बोलवा." हा धंदा तिच्या घरात कुणाचा नव्हता. प्रशिक्षण केंद्रात सगळ्या वर्गात ती एकटी मुलगी, आणि पहिल्या वर्षी मुलं तिच्या हत्यारांच्या पेटीत बर्फ भरून ठेवत. तिने आरडाओरडा केला नाही. तो बर्फ घालून सरबत प्यायलं आणि ग्लास त्यांच्यासमोर धुवून ठेवला. पुढे तीच मुलं अडलेलं मशीन घेऊन तिच्याकडे यायला लागली. यंत्रापाशी गेली की ती आधी नळीवर तळहात ठेवायची, डोळे मिटायची, मग बोलायची. "गॅस कमी नाही. पंखा दमलाय." बहुतेक वेळा तसंच निघायचं.

नवरा बेकरीत होता. पाव पहाटे विकायचे तर रात्री भाजावे लागतात, त्यामुळे सगळं जग झोपायला निघालं की तो भट्टीपुढे उभा राहायला निघायचा. हिचा दिवस गारठ्यात, त्याची रात्र धगीत. "आपण दोघं मिळून एक कोमट माणूस होतो," असं तो म्हणायचा. बाळंतपणाच्या रजेत ती घरी होती, आणि सोबतीला सासूबाई येऊन राहिल्या होत्या. घर म्हणजे जुन्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सासूबाईंची खाट, आतल्या खोलीत पलंग, पाळणा आणि ती खुर्ची. खुर्ची वेताची, बुटकी, रुंद हातांची, बसायला पातळ गादी. ती यांची नव्हती. खोली भाड्याने घेतली तेव्हापासून तिथेच होती, आणि मालकाला विचारलं तर तोही म्हणाला, "माझ्याही आधीपासून आहे."

बाळ वेळेआधी आलं होतं. मुलगी. इतकीशी की बेकरीवाल्याने पहिल्यांदा हातात घेऊन म्हटलं, "हे तर पूर्णविरामापेक्षा लहान आहे." तेव्हापासून ती ठिपकीच झाली. घरोघर फिरून बाळांची वजनं करणारी एक सिस्टर होती. झोळीच्या काट्यात ठिपकीला टांगून तिने स्पष्ट सांगितलं होतं, "अंगावरचं दूध नीट मिळालं तर ही भरून निघेल. वजन वाढलं नाही, तर मात्र दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवावं लागेल. रात्रीचं पाजणं चुकवायचं नाही, आणि स्वतः कुडकुडत बसायचं नाही. आई आखडली की दूधही आखडतं."

काचेची पेटी म्हटल्यावर तिने ठिपकीला काट्यातून काढून छातीशी घेतलं. आयुष्यभर ती पेट्याच दुरुस्त करत आली होती. काचेपलीकडे ठेवलेली वस्तू कुणाची राहत नाही, हे तिने पुष्कळदा पाहिलं होतं.

मग तिने थंडीचा बंदोबस्त सुरू केला. खोलीत हीटर लावला की मेन स्विच पडायचा. म्हणून कोल्ड रूममध्ये घालायचं तिचं जाड कापूस भरलेलं जाकीट तिने काढलं आणि छातीवर दोन्ही बाजूंना उभं कापलं. सासूबाईंनी त्या कापांना चेन शिवून दिल्या. शिवताना तोंडही चालू होतं.

"मी तीन पोरं पाजली. एकदाही चेन लागली नाही."

"तुमच्या वेळी एवढी थंडी नसेल, आई."

"थंडी होती गं. चेन नव्हती." दोरा दातांनी तोडून त्यांनी जाकीट तिच्या अंगाला लावून पाहिलं. "हां. आता दिसतेस खरी. दोन दारांचं कपाट."

मोज्यांवर मोजे, पावलांखाली पाट, पाटावर गरम पाण्याची पिशवी, बाजूला थर्मासमध्ये कोमट पाणी. आता रात्री फक्त एका बाजूची चेन उघडायची, बाकीचं अंग झाकलेलं. ठिपकी प्यायला लागली. आणि खुर्ची रोज गरम लागायला लागली.

पिशवी पावलांपाशी होती, गादीवर नव्हती. पहिला संशय साहजिकच सासूबाईंवर गेला.

"आई, रात्री तुम्ही माझ्या खुर्चीत येऊन बसता का?"

"मी? माझी खाट सोडून?"

"नाही, म्हटलं, माझ्यासाठी ऊब करून ठेवत असाल."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "सूनबाई, माझी माया आहे तुझ्यावर. पण अर्ध्या रात्री उठून अंडी उबवण्याइतकी नाही."

शिवाय त्यांचं घोरणं दारापलीकडून स्पष्ट ऐकू यायचं. ठिपकी चुळबुळली की ते घोरणं चालूच असे, आणि खुर्ची गरम असे. घरात मांजर नव्हतं. खुर्चीमागची भिंत बाहेरची, तिच्यात नळ नाही, पलीकडे नुसती मोकळी हवा. तिने भिंतीला हात लावून पाहिला. आजारी माणसाच्या तळव्यासारखी गार.

एक रात्र तिने पाळत ठेवली. पलंगावर बसून, दुलई गुंडाळून, खुर्चीवर नजर. अधूनमधून हात लांब करून गादीला लावून बघायची. गार. परत गार. डोळे चुरचुरायला लागले तशी ती आडवी झाली आणि क्षणभर भिंतीकडे वळली. ठिपकी चुळबुळली. ती उठली, बसली. गरम. आणि गादीत एक खळगा होता, जो तिच्या वजनाने पडला नव्हता, कारण तो तिला बसायच्या आधी दिसला होता. तेव्हा तो सावकाश वर येत होता, पाव बोटाने दाबून सोडला की येतो तसा.

सकाळी बेकरीवाला पिठाने पांढरा होऊन परतला. तिने त्याला सगळं सांगितलं.

"झोप कमी पडतेय तुला."

"गादी झोप मोडल्याने गरम होत नाही."

"मग भूत असेल." तो बूट काढत म्हणाला. "बरं आहे की. भाडं वाटून घेऊ."

"चेष्टा नको ना रे."

त्याने तिचा चेहरा पाहिला. मग हळूच म्हणाला, "तुझ्याकडे ती बंदूक आहे ना? मग बघ की."

तिच्या पेटीत टेम्परेचर गन होती. समोर धरून घोडा दाबला की लाल ठिपका पडतो आणि त्या जागेचं तापमान आकड्यात दिसतं. त्या रात्री बसण्याआधी तिने ती खुर्चीवर फिरवली. गादी गरम. पाठ वरपर्यंत गरम. खुर्चीचा डावा हात कोपर टेकतं तेवढाच गरम, उजवा एकदम गार. पुढच्या पाटावर दोन पावलांएवढी जागा गरम. पिशवी तिने मुद्दामच भरली नव्हती.

तिने ते ठिपके मनात जोडले, आणि हातातली बंदूक खाली आली. तो बसलेल्या बाईचा आकार होता. नुसत्या बसलेल्या नाही. डाव्या कोपरावर भार देऊन, पावलं जुळवून, कुणाला तरी कुशीत घेऊन बसलेल्या.

ठिपकीने आवाज चढवला तशी ती बसली. बसणं भाग होतं. बाळाला डावीकडे घेतलं, कारण मागच्या वेळी उजवीकडे पाजलं होतं. दुसऱ्या रात्री उजवीकडची पाळी होती. तिने बंदूक धरली. आज खुर्चीचा उजवा हात गरम होता.

म्हणजे जे कुणी होतं, त्याला पाळी ठाऊक होती.

आता कुणी दुसरी असती तर किंचाळली असती, माहेरी गेली असती. ही मेकॅनिक होती, आणि तिला वेगळीच भीती वाटली. तिच्या विद्येचा पहिला धडा असा, की गारवा नावाची वस्तूच नसते. फ्रिज काही आत थंडी ओतत नाही, आतली ऊब उपसून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. फ्रिजची पाठ गरम लागते ती आतलं काहीतरी गार पडत असतं म्हणून. ऊब कधी आपोआप उगवत नाही. ती कुणाची तरी घेतलेली असते. मग खुर्ची गरम होते, तेव्हा या खोलीत गार काय पडतंय?

तिने बंदूक ठिपकीच्या बोटांवर धरली.

आकडा असायला हवा त्यापेक्षा कितीतरी खाली होता. तिने बोटं तोंडात धरून बघितली. गार. तळवे गार, पावलं गार. पोर गाढ झोपलेली, ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब. आणि ती इतके दिवस त्या उबेत आरामात टेकून बसली होती.

दिवस उजाडायच्या आत तिने खुर्ची ओढत बाहेर नेली आणि जिन्याच्या वर, दारासमोरच्या मोकळ्या जागेत ठेवली. सकाळी सासूबाईंचा अंगठा तिच्यावर आपटला.

"ही इथे का?"

"आत अडचण होते."

"आणि इथे माझ्या अंगठ्याची सोय होते?" पण सुनेच्या चेहऱ्याकडे बघून त्या अंगठा चोळत आत गेल्या.

त्या रात्रीपासून ती पलंगाच्या कडेला बसून पाजू लागली. पाठीला टेकू नाही, कोपराला आधार नाही. जाकीट होतं, मोजे होते, पिशवी होती, तरी थंडी पाठीच्या कण्यातून वर चढायची. खांदे कानापर्यंत जायचे. ठिपकी तोंड लावायची, ओढायची, सोडायची, आणि चिडून रडायची. दूध कुठेतरी वरच अडून बसलं होतं. आपल्याच अंगातली नळी चोंदावी आणि आपल्यालाच ती उघडता येऊ नये!

एकदा ठिपकी अशीच रडत असताना बाहेरून आवाज आला. वेत कुरकुरल्याचा. बंद दारापलीकडे ती खुर्ची कुरकुरत होती, थांबत होती, परत कुरकुरत होती. बसल्या बसल्या कुणी बाळाला जोजवतं, त्या लयीत. सासूबाई घोरत होत्या. ती ठिपकीला छातीशी आवळून बाहेरच्या खोलीतून दारापर्यंत गेली. कडी काढली. आवाज थांबला. जिन्यावर कुणी नव्हतं, पायऱ्यांवर पाऊल वाजलं नाही. गादीतला खळगा मात्र हळूहळू वर येत होता.

तिने दार लावून घेतलं, आणि दोन्ही कड्या घातल्या.

सिस्टर आली ती गारठलेले हात चोळतच. ठिपकीला झोळीत घातलं, काटा डोळ्यांसमोर धरला आणि परत एकदा वाचला.

"उतरलंय," शेवटी ती म्हणाली. "मागच्या वेळी छान चढलं होतं की. काय बदललंत?"

काय सांगणार? "हिचे हात गार पडायला लागले होते, सिस्टर. म्हणून मी... बसायची जागा बदलली."

"हात?" सिस्टरने भुवया उडवल्या. "अगं, तान्ह्या बाळाचे हातपाय गारच असतात. तेवढ्यावरून कुणी ठरवतं का? मानेमागे बघायचं, छातीवर बघायचं. लाव हात."

तिने ठिपकीच्या मानेखाली बोटं घातली. तिथे चांगली ऊब होती. मग धावत बंदूक आणली आणि छातीवर धरली. आकडा जसा हवा तसा होता.

"हे काय काढलंस?" सिस्टर मागे सरकली.

तिने बंदूक खाली ठेवली. तिला आतून शरमल्यासारखं झालं होतं. शिकाऊ मुलांना ती याच चुकीवरून झापायची. यंत्र नीट चालतंय का हे कळायला नळीच्या टोकाला हात लावाल तर फसाल, पोटाशी जाऊन बघा. आणि स्वतःच्या लेकीच्या वेळी तिने टोकाला मोजून निकाल लावला होता. निकाल चुकला, आणि वजन उतरलं.

"परवा येते," सिस्टर पिशवी आवरत म्हणाली. "तेव्हा काटा हलला नाही तर मी गाडी घेऊनच येईन. आधी जिथे बसत होतीस तिथेच बस बाई."

दुपारभर ती दारात उभी राहून खुर्चीकडे बघत होती. आत आणावी तर रात्री काय होईल ते माहीत होतं. न आणावी तरी माहीतच होतं. सासूबाई मागे येऊन थांबल्या.

"सूनबाई, तुला कशाची भीती वाटते ते मी विचारत नाही. विचारलं तर मलाही वाटेल," त्या म्हणाल्या. "पण पोर त्या खुर्चीत पीत होती, हे मी बघितलंय. उचल तिकडून. मी इकडून धरते."

रात्री ठिपकी चुळबुळली तेव्हा तिने दिवा लावला नाही. पाळण्याजवळ गेली, बाळाला उचललं, आणि खुर्चीपासून थोड्या अंतरावर थांबली. अंधारात खुर्चीचा आकार तेवढा दिसत होता. तो रिकामा होता की नव्हता, हे तिला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. तिने घसा खाकरला. दार वाजवून आत जावं तसा.

"मला बसायचंय," ती हळू आवाजात म्हणाली. "हिला भूक लागलीय."

वेत एकदाच कुरकुरला. वजन उतरल्यावर कुरकुरतो तसा. तिच्या गालाजवळून काहीतरी सरकून गेलं. वारा म्हणावा तर खिडकी घट्ट बंद होती.

ती बसली. पाठीला, कोपराला, पावलांना ऊब लागली. खांदे आपोआप खाली आले. तिने चेन उघडली, ठिपकीने तोंड लावलं, आणि थोड्याच वेळात तो आवाज सुरू झाला ज्याची ती इतक्या रात्री वाट बघत होती. गटक, श्वास, गटक. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि खोलीत आणखी कुणी आहे हे तिला पाठीवरच्या केसांपर्यंत जाणवत असताना ती तशीच रडत, पाजत बसून राहिली.

सिस्टर आली ती गाडीशिवायच. काटा हलला होता, फार नाही, पण वरच्या दिशेने. "बस. आता हेच चालू ठेव," ती म्हणाली. सासूबाईंनी तिला दारापर्यंत पोचवलं, आणि परत आल्यावर खुर्चीची गादी थोपटून सरळ केली.

थंडी अजून सरलेली नाही. ठिपकीच्या मांड्यांना आता वळ्या पडायला लागल्यात, आणि बेकरीवाला म्हणतो की लवकरच तिचं नाव बदलावं लागेल, ठिपक्याचा आता गोळा झालाय. रात्री उठल्यावर ती अजूनही घसा खाकरते, जराशी थांबते, मग बसते. बंदूक तिने एकदाच पुन्हा वापरली. ठिपकीची छाती, स्वतःचं कपाळ, झोपलेल्या सासूबाईंची मान, भिंती, फरशी, पाळणा, सगळं तपासलं. सगळं जसं असायला हवं तसंच. कुठेही काही कमी झालेलं नाही.

ते बघून तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण भरल्या पोटी झोपलेल्या ठिपकीला खांद्यावर घेऊन, त्या उबेत टेकून, ती खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे बघत राहते. जी कुणी तिच्यासाठी खुर्चीतून उठते, ती मग पहाटेपर्यंत कुठे उभी राहत असेल? आणि एवढी ऊब इथे ठेवून गेल्यावर तिच्या स्वतःच्या अंगात काही उरत असेल का?